कप्तानाच्या कोटाचा रंग

बैठक दंतवैद्याच्या दवाखान्यात ठेवली होती, कारण रविवारी तो बंद असायचा आणि चारही गावांना सारख्याच गैरसोयीची अशी ती एकच जागा होती. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, कोपऱ्यात माशांची काचेची पेटी आणि समोर भिंतीवर हसऱ्या दाताचं चित्र. लवंगेच्या तेलाचा वास खुर्च्यांच्या गाद्यांत मुरलेला. ताई आत आल्या, त्यांनी एक नजर फिरवली आणि दारापासून सगळ्यांत लांबची खुर्ची धरली. दारालगतच्या खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ आधीच येऊन बसला होता. पायाशी फुगलेली कापडी पिशवी.

"बरी आहेस?" त्यानं विचारलं.

"बरी आहे."

घरच्या लग्नकार्यांत भेट झाली की गेली तीसेक वर्षं दोघांचं एवढंच बोलणं व्हायचं. त्यात कधी पावसापाण्याचा विषय निघाला तर नातेवाईक एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

ज्या गोष्टीपायी ही मंडळी जमली होती ती रेडिओवरची एक जुनी मालिका होती. 'धुक्यातली बोट' तिचं नाव. दर बुधवारी संध्याकाळी लागायची. बेटाबेटांवर टपाल पोचवणारी एक बोट, तिचा अबोल कप्तान आणि कधीच न हटणारं धुकं. धुक्याचा एक फायदा असा की बोटीवर कुणाला काही दिसत नसे, त्यामुळे कुणाला कशाचं वर्णनही करावं लागत नसे. लिहिणाऱ्याची सोय, दुसरं काय. माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखायची. मालिका केव्हाच बंद पडली. फिती पुसून त्यांच्यावर हवामानाचे अंदाज भरले गेले. उरली ती फक्त ऐकणाऱ्यांच्या डोक्यात. पण तिथे ती अशी घट्ट बसली की चार गावांत चार मेळावे उभे राहिले. वर्षातून एकदा लोक कप्तान, खलाशी, दीपगृहवाला असे वेश करून जमायचे, प्रसंग वाचून दाखवायचे, वेशभूषेची स्पर्धा व्हायची, आणि पिकल्या केसांची माणसं वल्ही खांद्यावर टाकून हॉलभर हिंडायची.

पहिला मेळावा ताईंचा. दुसरा त्यांच्या भावाचा, शेजारच्या गावात. तिथे त्याला सगळे दादा म्हणायचे. तो घरात सगळ्यांत धाकटा. त्याला कुणी दादा म्हटलं की ताईंच्या कपाळावर आजही आठी पडायची.

चारांचं एक करायची गरज निघाली ती एका इमारतीमुळे. ज्या प्रसारण केंद्रात मालिका घडली ते आता रिकामं होणार होतं. पाडायच्या आधी तिथला मोठा स्टुडिओ चाहत्यांना एक दिवस द्यायची तयारी तिथल्या व्यवस्थापकानं दाखवली होती. अट एकच. चार गावांशी चार वेळा बोलायला त्याला सवड नव्हती. एकच संस्था, एकच नियमावली, आणि होकार आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर दिवस दुसऱ्या कुणाला.

ताईंनी आयुष्य औषधाच्या दुकानात काढलं होतं. फिरणं त्यांना कधी जमलं नाही आणि त्याची खंतही नव्हती. पण त्या स्टुडिओत एकदा उभं राहायचं होतं. ज्या फळीवर चालून कप्तानाच्या पावलांचा आवाज काढत, ती फळी पायाखाली घ्यायची होती. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मात्र त्यासाठी काय गिळावं लागेल याचा अंदाज त्यांना होता, आणि तो घास घशाखाली उतरेल असं त्यांना वाटत नव्हतं.

अध्यक्षपद तिसऱ्या गावच्या वकीलबाईंकडे होतं. त्यांनी मसुदा करून आणला होता. चौथं गाव दंतवैद्याचं, दवाखाना मात्र त्याच्याही गावाबाहेर. चहा झाला आणि वकीलबाईंनी एकेक कलम वाचायला घेतलं.

सकाळ झपाट्यानं पुढे गेली. भाले आणि वल्ही रबरी टोकांचीच हवीत, हे कुणाला पटवावं लागलं नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं, वेशातल्या माणसाला हात लावायचा नाही, यावर धाकट्यानं भर घातली की वेश चढवला म्हणजे माणसाचा पुतळा होत नाही, आणि ताईंनी मान डोलावली. चुकलेल्या मुलांची खोली कुठे असावी यावर ताई म्हणाल्या की मंचाजवळ, दाराजवळ नको. धाकट्यानं नेमकं तेच वहीत लिहून ठेवलं होतं. रांगेतल्या वयस्करांना खुर्ची, वेश बदलायला आडोसा, परीक्षकांनी नातलगांना गुण देऊ नयेत, सगळं बिनबोभाट पार पडलं. पिण्याचं पाणी हॉलच्या आत ठेवायचं की बाहेर, असं वकीलबाईंनी विचारलं तेव्हा खोलीच्या दोन टोकांकडून एकदम उत्तर आलं, "आत."

"घरून पाठ करून आलात का दोघं?" दंतवैद्यानं विचारलं. हा गृहस्थ मेळाव्यात खलनायक व्हायचा आणि एरवी सगळ्यांना हसवायचा.

"एकाच घरातून," वकीलबाई म्हणाल्या. मग दोघांचे चेहरे बघून त्यांनी पुढचं पान उलटलं.

पुढच्या पानावर वेशभूषा स्पर्धेचं कलम होतं, आणि तिथे घोडं अडलं.

कप्तानाचा कोट कुठल्या रंगाचा? ताईंच्या गावात मातकट पिवळा. धाकट्याच्या गावात निळा. दंतवैद्याकडे हिरवा आणि वकीलबाईंकडे काळा. आजवर प्रत्येकानं आपापल्या घरी आपापली चूल मांडली होती. पण माणसं हल्ली या गावाहून त्या गावाला जायला लागली होती. गेल्या वर्षी एक बाप आणि त्याची लेक, दोघं निळे कोट शिवून रात्रभर प्रवास करून ताईंच्या मेळाव्याला आले आणि स्पर्धेतून बाद झाले. मुलगी मंचाच्या पायरीवर बसून राहिली, कोटाची बटणं काढत आणि लावत. त्यावरून बाकीच्या गावांत बरीच कुजबुज झाली होती. ताईंनी ती ऐकली होती. नियम हा नियम, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. ती मुलगी मात्र त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली होती.

आताही त्या हटल्या नाहीत. दुकानात कुणी साधारण अशी अशी लाल गोळी द्या म्हणालं तर आपण देतो का, असं त्यांनी विचारलं. स्पर्धा म्हटली की निकष हवा. शिवाय पिवळा रंग काही त्यांच्या मनचा नव्हता, मालिकेत तसं स्पष्ट आलं होतं. वादळाच्या भागात खलाशी म्हणतो, तो बघा कप्तानाचा पिवळा कोट दिसला.

"धुक्यात दिसला?" वकीलबाईंनी विचारलं.

धुकं तेव्हा विरळ असेल, ताई म्हणाल्या. मग दंतवैद्यानंही सांगून टाकलं की हिरव्याचा उल्लेख त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला होता. वकीलबाईंना काळ्याचा आठवत होता, भाग कुठला ते सुद्धा. साक्षीदार तीन आणि जबान्या तीन. असा खटला कोर्टात दुपारपर्यंत टिकला नसता, असं वकीलबाईंनीच कबूल केलं. धाकटा तेवढा मिठाची गुळणी धरून बसला होता. त्यानं निळ्याची बाजू मांडली नाही, आणि ताईंना त्याचाच जास्त राग आला. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

त्या माशांच्या पेटीकडे बघत बसल्या. या भावाबरोबरच तर त्यांनी ती मालिका ऐकली होती.

वडील रात्रपाळीला जायचे, त्यामुळे संध्याकाळी आतल्या खोलीत झोपलेले असायचे. बाहेरच्या खोलीत रेडिओ. मोठा, लाकडी, समोर विणलेलं कापड. आईची ताकीद असायची की आवाज बारीक ठेवा, ते उठले तर रेडिओ रस्त्यावर जाईल. म्हणून आवाज इतका कमी ठेवायचा की कान कापडाला लावल्याशिवाय काही ऐकू येऊ नये. खिडकी लावून घ्यायची, दिवा मालवायचा, आणि एकीनं या बाजूनं, दुसऱ्यानं त्या बाजूनं कान टेकायचा. दोघांची डोकी एकमेकांना लागायची. ताई थोरली, म्हणून पहारा तिच्याकडे. आतल्या दारावर जाड पडदा होता. त्याच्यावर नजर ठेवायची आणि तो सरकला की बटण बंद करायचं. एक कान रेडिओत, एक कान घरात. मग पावलं यायची. एक टाकलेलं, एक ओढलेलं. किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. मग एक बारीक किण, आणि कप्तान बोलायचा. त्या किणीला धाकट्याची बोटं ताईच्या मनगटात रुतायची.

पडदा कधी सरकला नाही. वडिलांना रेडिओचं वावडंच होतं. त्यांच्या तोंडी त्याचं नाव कधी आलं नाही. एकदा मात्र तो बंद पडला तेव्हा पैशापैशाला जपणाऱ्या या माणसानं रात्रपाळीहून परत आल्या आल्या तो खांद्यावर घालून दुरुस्तीला नेला, आणि पुढच्या बुधवारच्या आत परत आणून ठेवला. आईला सगळ्यांत जास्त नवल वाटलं होतं.

वडील गेले आणि ते घर सोडलं, तेव्हा ताईंनी आतल्या दाराचा पडदा बरोबर आणला. पहिल्या मेळाव्याच्या वेळी त्याचाच कोट शिवला. रंग अगदी कप्तानाच्या कोटाचा, तसूभर फरक नाही. आवाजासाठी मात्र त्यांनी बरीच खटपट केली होती. नाणी वाजवून पाहिली, चमचे, बांगड्या, कुलपाची कडी. कशातच ती किण नव्हती. शेवटी पडद्याच्याच पितळी कड्या बटणांच्या जागी लावल्या आणि त्या थक्क झाल्या. हुबेहूब तोच आवाज.

तो कोट धाकट्यासाठी होता. मेळाव्याची कल्पना दोघांची, शाळेचा हॉल दोघांनी मिळवलेला. कप्तान तोच होणार हे ठरलेलं होतं आणि ताई परीक्षक. आदल्या दिवशी कोट घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी आला तो निळा कोट घालून. कुणा बँडवाल्याकडून मागून आणलेला, खांद्यावर झालरीसुद्धा होत्या. कप्तानाचा कोट निळा असतो, तो म्हणाला, लहानपणापासून निळाच आहे, तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. भरल्या हॉलसमोर ताई म्हणाल्या होत्या, "हा कप्तान नाही. पुढचा या." लोक हसले होते. धाकट्यानं वाद घातला नाही. संध्याकाळी सगळ्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या, झाडू मारला, कारण घरचं वळणच तसं होतं, आणि मग तो निघून गेला. पुढच्या वर्षी त्याचा वेगळा मेळावा होता. पिवळा कोट त्याच्याकडेच राहिला. ताईंनी पुढे त्याच रंगाच्या कापडाचे कोट शिवून घेतले, पण तो कधी मागितला नाही. आज पिवळ्यावर पाणी सोडायचं म्हणजे त्या दिवशी आपण भावाला उगाच घालवलं असं म्हणण्यासारखंच होतं. त्यांना ते म्हणता येत नव्हतं.

दुपार कलायला लागली. वकीलबाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. चार रंग मान्य करावेत, असं त्यांनी सुचवलं. मग पाचव्या गावाचा पाचवा येईल, ताई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. रंगच काढून टाका म्हटलं तर मग परीक्षक बघणार काय, हा प्रश्न उरला.

"काही बघू नका," दंतवैद्य वैतागून म्हणाला. "डोळे मिटून बसा आणि ज्याचा आवाज बरा त्याला बक्षीस द्या. बोटीवर तरी कुणी कुणाला बघत होतं?"

तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. वकीलबाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. मग म्हणाल्या की यात काही वाईट नाही. बूट आणि किल्ल्या तर चारही गावांना मान्य आहेत, परीक्षक पाठमोरे बसवता येतील. ताई एवढंच म्हणाल्या की करून बघितल्याशिवाय सही करणार नाही. नमुन्याचे वेश सगळ्यांनी आणलेच होते. बाहेरच्या खोलीतून आतल्या खुर्चीपर्यंत एक अरुंद, लाकडी फळ्यांची वाट होती. माणसं एरवी तिथून जीव मुठीत धरून जायची. तिथे चालायचं ठरलं.

तिघांनी खुर्च्या माशांच्या पेटीकडे वळवून बसायचं, एकानं मागून चालायचं. पहिला दंतवैद्य. त्याचा हिरवा कोट मेणकापडाचा होता. तो चालला तेव्हा कुणीतरी बाजाराची पिशवी सोडवत असल्यासारखा आवाज आला. ताईंनी कागदावर शून्य घातलं. वकीलबाईंच्या किल्ल्या चांगल्या वाजल्या, पण ओढलेला पाय चुकीचा होता. उजवा. ताईंनी तेही पाठमोऱ्यानंच सांगितलं, आणि वकीलबाई खाली बघून आपला पाय तपासत राहिल्या.

मग धाकटा उठला. पिशवीची कुसफुस झाली. ताईंनी बँडवाल्याच्या कोटाची वाट पाहिली. तो हलका, सळसळत्या आवाजाचा असणार. पेटीत एक मासा काचेजवळ येऊन स्थिर झाला होता.

पाऊल पडलं. दुसरं ओढलं गेलं. कापड जाड होतं, पायांवर आपटून परत येत होतं. किल्ल्या वाजल्या. पावलं थांबली. आणि एक बारीक किण झाली.

ताईंनी कागद खाली ठेवला. नियमाप्रमाणे वळायचं नव्हतं, पण त्या वळल्या. वाटेच्या तोंडाशी त्यांचा धाकटा भाऊ त्यांनी शिवलेला पिवळा कोट घालून उभा होता. कोपरांवर ठिगळं, कॉलर उसवलेली, कड्या मात्र घासूनपुसून लख्ख.

"हा कुठून आणलास?" त्यांनी विचारलं. विचारून झाल्यावर त्यांना कळलं की प्रश्न वेड्यासारखा आहे.

"दुकानात दारामागे टांगलेला असतो." त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. "निळा आता अंगात शिरत नाही. हा शिरतो. तू वाढत्या अंगाचा शिवला होतास."

दंतवैद्यानं मध्येच तोंड घातलं. बाकी सगळं ठीक आहे, तो म्हणाला, पण शेवटी ती किणकिण कसली? कप्तानाला किणकिण कुठली?

"असते," ताई आणि धाकटा एकदमच म्हणाले.

नसते, असं दंतवैद्याचं म्हणणं पडलं. वकीलबाईंनीही मान हलवली. त्यांच्या गावात कुणी कधी असा आवाज काढला नव्हता, ऐकल्याचंही कुणी बोललं नव्हतं. बूट, किल्ल्या, मग बोलणं. दोघं भावंडं दोन्ही बाजूंनी बोलायला लागली. प्रत्येक भागात असायची, बोलण्याच्या अगदी आधी, चुकूनसुद्धा कधी चुकली नाही. त्यांच्या दोन्ही गावांत नवीन माणसाला पहिल्यांदा शिकवायचे ती हीच गोष्ट. वकीलबाई ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी कोर्टातला आवाज काढला. किण असलेली गावं दोन, आणि दोन्ही एकाच घरातून निघालेली. तर त्या घरात रेडिओ होता कुठे, आणि कोण कुठे बसायचं?

ताईंनी सांगितलं. रेडिओ, खिडकी, आतलं दार, पडदा. सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला. धाकट्यानं छातीवरची एक कडी बोटांत धरली आणि सोडली. किण.

"ताई," तो म्हणाला, "तू पडद्याकडे तोंड करून बसायचीस."

त्या कोटाकडे बघत राहिल्या. पिवळा, मातकट. दर बुधवारी अंधारत्या खोलीत, कानात कप्तानाची पावलं घेऊन, पापणी न लववता त्या ज्याच्याकडे बघत बसायच्या, तो रंग.

"आणि तू खिडकीकडे," त्या म्हणाल्या. बंद खिडकीच्या काचेपलीकडे त्या वेळी काय असायचं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. दिवेलागणीचं निळं आभाळ.

दंतवैद्याला तेवढ्यानं समाधान झालं. वाऱ्यानं पडदा हलत असेल आणि कड्या वाजत असतील, झालं, तो म्हणाला. ताईंनाही ते पटत होतं. मग पटेनासं झालं.

"खिडकी लावलेली असायची," त्या म्हणाल्या. "आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. वारा यायचाच नाही." आणि थोड्या वेळानं, "आणि वारा काय कप्तानाची वाट बघत थांबणार होता?"

पेटीतले बुडबुडे तेवढे वर येत होते.

"बाबा," धाकटा म्हणाला.

ताईंनी मान डोलावली. त्यांना आता ते इतकं स्वच्छ दिसत होतं की इतकी वर्षं कसं दिसलं नाही याचंच आश्चर्य वाटावं. पडद्यामागे बनियनवर उभा असलेला माणूस, पावलं आली की पडद्याला कान लावणारा. कप्तान बोलायला लागणार म्हणून आणखी जवळ सरकणारा. बाहेर आलो तर ही पोरं रेडिओ बंद करतील हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो कधी बाहेर आला नाही. पहारा करणाऱ्या मुलीनं पडदा सरकतो का तेवढंच पाहिलं. तो कधी सरकला नाही, आणि तिला वाटत राहिलं की पलीकडे माणूस झोपला आहे. त्यांना खांद्यावरचा रेडिओ आठवला. धाकट्यालाही तोच आठवला असावा, कारण तो म्हणाला, "बुधवारच्या आत."

वकीलबाईंनी घड्याळाकडे बघून, आवाज खाली घेऊन, विचारलं की आवाजाच्या कलमात काय लिहायचं. दोन गावांची किण आहे. घालायची की नाही?

ताईंनी मसुदा आपल्याकडे ओढला. चष्मा लावला. दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावताना करायच्या तसं प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवलं.

"किण घालू नका," त्या म्हणाल्या. "ती बोटीवरची नाही. ती आमच्या घरची आहे."

धाकट्यानं मान डोलावली. मग ताईंनी कलम स्वतः सांगितलं आणि वकीलबाईंनी लिहून घेतलं. कप्तानाच्या कोटाला रंगाचं बंधन नाही. परीक्षक पाठमोरे बसतील. बूट, ओढलेला डावा पाय, किल्ल्या. डावा या शब्दाखाली रेघ मारा, त्या म्हणाल्या. आणखी एक गोष्ट नियमात बसत नव्हती, ती त्यांनी तोंडी सांगितली. स्टुडिओतल्या मेळाव्याचं पहिलं बोलावणं त्या निळ्या कोटांच्या बापलेकीला जावं आणि ते ताईंच्या नावानं जावं. मुलीचा पत्ता त्यांच्याकडे होता. त्यांनी तो तेव्हाच मागवून ठेवला होता.

"म्हणजे ती बाद झाली ते चूक होतं?" दंतवैद्यानं खोडसाळपणे विचारलं.

"तेही," ताई म्हणाल्या. त्या दंतवैद्याकडे बघत नव्हत्या.

धाकट्यानं ते ऐकलं. त्यानं कोटाची कॉलर सरळ केली आणि सही करायला पेन मागितलं.

सह्या झाल्या. वकीलबाईंनी तिथूनच व्यवस्थापकाला फोन लावला. होकार पोचला, दिवस मिळाला. खुर्च्या वळवून पहिल्यासारख्या लावायला भावंडंच आधी उठली. दंतवैद्य राहू दे, राहू दे म्हणत होता, पण त्यानं काही फरक पडला नाही. कपसुद्धा दोघांनी मिळून विसळले. ताईंनी विसळायचे, धाकट्यानं पुसायचे. एकदा त्यानं विचारलं की स्टुडिओत कप्तानाच्या पावलांची ती फळी अजून असेल का. असेल, त्या म्हणाल्या, पाडायच्या आधी नेली असेल तर बघायचं कुणी नेली ते. मागून आणू. आणि मागून नाही मिळाली तर, असं त्यानं विचारलं. मग तू आहेस ना, त्या म्हणाल्या, तुझी जीभ तुझ्या गावाला वळवते, त्या माणसालाही वळवील.

बाहेर गारठा पडला होता. धाकट्यानं कोट काढून पिशवीत घालायला घेतला, मग विचार बदलला आणि तसाच राहिला. बसचा थांबा दोघांचा एकच होता, बसही बरंच अंतर एकच. फुटपाथ अरुंद, म्हणून ताई पुढे आणि तो मागे. रस्त्यावरची माणसं त्या ठिगळाच्या पिवळ्या कोटाकडे वळून बघत होती. ताईंना ते दिसत होतं. त्यांनी मात्र मागे बघितलं नाही. मागून पावलं येत होती, जाड कापडाचा फटकारा येत होता, आणि मधूनच पितळेची बारीक किण.

ताईंनी चाल थोडी कमी केली.

"डावा पाय," त्या मागे न बघता म्हणाल्या.

मागून येणारं डावं पाऊल फरशीवर ओढत यायला लागलं.